दुसरं इंजिन, आणि टेबलात नसलेली माणसं

लहान विमानांच्या जगात एक जुना विनोद आहे. दोन इंजिनांच्या विमानात एक बंद पडलं तर दुसरं कशाला असतं? तर अपघाताच्या जागेपर्यंत नेऊन सोडायला. पायलट मंडळी हे हसत सांगतात, इन्स्ट्रक्टर गंभीर चेहऱ्याने सांगतात. आणि मी पीएचडीच्या पहिल्या वर्षात हाच विनोद जरा इस्त्री करून माझ्या सिनॉप्सिसमध्ये घातला होता. इस्त्रीनंतर तो असा दिसत होता: 'हलक्या दोन-इंजिनी विमानांमध्ये इंजिन निकामी झाल्यानंतरचे अपघात एक-इंजिनी विमानांच्या तुलनेत अधिक प्राणघातक असतात, म्हणजेच दुसऱ्या इंजिनाने सुरक्षितता वाढत नाही.' पुढे कंसात दोन-तीन संदर्भ, तारखांसकट. दिसायला एकदम शास्त्रीय.

गाइडनी समासात पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले: 'कशाला भागून?'

मला वाटलं, हे काय विचारणं झालं! अपघातांची यादी घेतली, त्यातले इंजिन बंद पडल्याचे वेगळे काढले, त्यातल्या किती अपघातांत माणसं गेली ते मोजलं, आणि भागलं. दोन-इंजिनीचं गुणोत्तर जास्त आलं. झालं की. पण त्या दोन शब्दांनी माझे चार महिने खाल्ले आणि एक अख्खं प्रकरण गेलं. आज त्या वाक्याबद्दल लिहितेय. तुमचा विषय विमानांचा नसला तरी वाचा, कारण असं वाक्य तुमच्याही सिनॉप्सिसमध्ये कुठेतरी बसलेलं असण्याची दाट शक्यता आहे.

आधी त्या वाक्याची बाजू घेते, कारण ते मूर्खपणाचं नाही. त्यामागे पक्कं भौतिकशास्त्र आहे.

सर्वसाधारण समज असा की दोनपैकी एक इंजिन गेलं म्हणजे विमान निम्म्या ताकदीवर आलं. ताकद निम्मीच होते, खरं आहे. पण चढण्याची क्षमता निम्मी होत नाही. घरात दोघं कमावते आहेत असं धरा, प्रत्येकी चौदा हजार. घरखर्च बारा हजार. महिन्याची शिल्लक सोळा हजार. आता एकाची नोकरी गेली. उत्पन्न निम्मं झालं, पण खर्च तोच. शिल्लक उरली दोन हजार, म्हणजे आधीच्या आठव्या हिश्शाइतकी. विमान चढतं ते या शिल्लकीवर. सरळ पातळीत उडत राहायला जेवढी शक्ती लागते ती घरखर्च, आणि त्यावर जे उरेल ते चढायला. म्हणून अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या, म्हणजे एफएएच्या प्रशिक्षण पुस्तिकेतही सांगितलं जातं की एक इंजिन गेल्यावर चढण्याची क्षमता ८० टक्के किंवा त्याहून जास्त घटू शकते. त्यात बंद पडलेल्या इंजिनाचं प्रोपेलर वाऱ्याने फिरत राहिलं तर तेच ब्रेकसारखं काम करतं. घरखर्च वाढतो म्हणा ना. म्हणून ते 'फेदर' करायचं असतं, म्हणजे पाती वाऱ्याला समांतर वळवायची.

आणि गंमत बघा, बऱ्याच लहान दोन-इंजिनी विमानांवर एका इंजिनावर चढता आलंच पाहिजे असं बंधन कधी नव्हतंच. अमेरिकेच्या नियमांचा भाग २३ सन २०१७ मध्ये नव्याने लिहिला गेला, त्याआधीच्या आवृत्तीप्रमाणे ६,००० पौंड किंवा कमी वजनाच्या आणि उतरतानाच्या स्थितीत ६१ नॉट किंवा कमी वेगाला स्टॉल होणाऱ्या विमानाने ५,००० फुटांवर एका इंजिनावर चढण्याचा किंवा खाली येण्याचा दर फक्त मोजून सांगायचा होता. तो दर उणे आला तरी चालत होतं. विकत घेणाऱ्याला वाटतं आपण सुटं चाक घेतलं. नियमात त्या चाकात हवा असलीच पाहिजे असं लिहिलेलं नव्हतं.

दुसरी गोष्ट नियंत्रणाची, आणि माणसं प्रत्यक्षात मरतात ती इथे. डावं इंजिन गेलं की उजवं इंजिन एकटंच ढकलत राहतं आणि नाक डावीकडे वळवतं. पायलटने उजवा रडर दाबून ते धरायचं. पण रडरची ताकद वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. वेग एका मर्यादेखाली गेला की पूर्ण रडर दाबूनही नाक धरता येत नाही. विमान वळतं, वळता वळता कलतं, आणि उलटंही होऊ शकतं. ही मर्यादा म्हणजे व्हीएमसी. वेगमापकावर ती लाल रेषेने दाखवतात. एका इंजिनावर सर्वांत चांगलं चढता येतं त्या वेगाला निळी रेषा. पायपर सेमिनोल हे शिकवणीचं नेहमीचं विमान घ्या: लाल रेषा ५६ नॉटला, निळी ८८ ला.

इथे जरा थांबते. व्हीएमसीचा तो आकडा निबंधांमध्ये एखाद्या नैसर्गिक स्थिरांकासारखा उद्धृत केलेला मी कित्येकदा पाहिलाय, मीही केलाय. तो स्थिरांक नाही. तो ठरावीक परिस्थितीत मोजलेला आकडा आहे: चालू इंजिन पूर्ण ताकदीवर, बंद इंजिनाचं प्रोपेलर वाऱ्याने फिरतंय, चाकं वर, वजनाचा मध्य सर्वांत गैरसोयीच्या जागी, आणि चालू इंजिनाकडे जास्तीत जास्त ५ अंशांचा कल. यातला फक्त कल बदला. पंख सपाट ठेवले तर कमी केलेल्या दर अंशामागे व्हीएमसी ३ नॉटच्या आसपास किंवा जास्त वाढू शकते. म्हणजे घाबरून पंख सपाट करणाऱ्या पायलटसाठी लाल रेषा लाल रेषेवर नसतेच. तुमच्या विषयात 'ताण', 'गरिबी', 'शिक्षणाचा दर्जा' असे जे शब्द आकड्यात मोजलेले असतात, ते कोणत्या अटींवर मोजले हे विचारायची सवय मला या लाल रेषेने लावली.

तर वाक्याची बाजू अशी: एक-इंजिनी विमानाचं इंजिन गेलं तर प्रश्न उरत नाही. खाली जायचंच आहे. पायलट नाक खाली करतो, शेत शोधतो आणि नियंत्रणात असलेलं विमान कमी वेगाने जमिनीला लावतो. दोन-इंजिनीत आशा उरते. ती आशा पायलटला नाक वर धरायला लावते, वेग कमी होतो, लाल रेषा ओलांडली जाते, विमान कलंडतं. उलट्या अवस्थेत आदळलेल्या विमानातून वाचणं अवघड. एफएएच्या पुस्तिकेत तर स्पष्ट आहे की उड्डाण घेतल्याबरोबर, चाकं अजून खाली असताना इंजिन गेलं तर दोन्ही थ्रॉटल मागे घ्या आणि समोर उतरा. चालू असलेलं इंजिनसुद्धा आपल्या हाताने बंद करायचं! हे पटायला किती जड जात असेल विचार करा.

इतकं सगळं खरं असूनही माझं वाक्य चूक होतं. कारण ते यंत्रणेबद्दल नव्हतं, प्रमाणाबद्दल होतं. आणि प्रमाणासाठी जी यादी मी वापरली ती मुळात कशी बनते हे मी पाहिलंच नव्हतं.

अपघाताची अमेरिकन व्याख्या संघीय नियमावलीच्या ४९ व्या भागात, कलम ८३०.२ मध्ये आहे. मृत्यू, गंभीर इजा किंवा विमानाचं 'लक्षणीय नुकसान' यापैकी काही झालं तर तो अपघात. आणि लक्षणीय नुकसान कशाला म्हणायचं नाही, याची यादी तिथेच दिलीय. त्या यादीत पहिल्याच वाक्यात आहे: एकच इंजिन निकामी झालं आणि नुकसान त्या इंजिनापुरतं मर्यादित राहिलं, तर ते लक्षणीय नुकसान नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १३ मध्येही असाच अपवाद आहे, आणि भारतातले नियम त्याच परिशिष्टावर बेतलेले आहेत.

व्याख्या करणाऱ्यांचं यात काही चुकलेलं नाही. प्रत्येक बिघाडाला अपघात म्हणायला लागलो तर तपास यंत्रणा कोलमडेल. पण माझ्यासारखीने ती यादी उचलून 'दोन-इंजिनी विमानात इंजिन गेल्यावर काय होतं' या प्रश्नाला लावली की काय होतं? पायलटने इंजिन बंद पडल्यावर रडर धरला, प्रोपेलर फेदर केलं, जवळच्या धावपट्टीवर उतरून विमान पार्क केलं, तर तो व्याख्येनेच यादीबाहेर. दुसऱ्या इंजिनाने जे काम करायचं होतं ते चोख केलं म्हणूनच तो मोजला जात नाही.

हे कागदावर समजलं होतं. पोटात समजलं ते एका इन्स्ट्रक्टरशी बोलताना. महाराष्ट्रातल्याच एका फ्लाइंग स्कूलमध्ये मुलाखतींसाठी गेले होते. मी माझं टेबल त्यांच्यापुढे ठेवलं, जरा अभिमानानेच. त्यांनी चष्मा लावून ते वरपासून खालपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "मॅडम, यात मी कुठे आहे?" मला कळेना. मग त्यांनी सांगितलं की विद्यार्थी शेजारी असताना त्यांचं एक इंजिन खरोखर बंद पडलं होतं. वीसेक मिनिटं एका इंजिनावर उडून ते उतरले, चहा प्यायले आणि कागद भरले. घटना म्हणून नोंद झाली. अपघात नाही. "तुमच्या हिशेबात मी मेलो असतो तरच आलो असतो," म्हणाले. हसत म्हणाले, पण मी टेबल परत फाइलमध्ये घातलं.

आता हिशेब करून बघू. खालचे आकडे पूर्णपणे काल्पनिक आहेत, फक्त भागाकार दाखवायला घेतलेत. कृपा करून हे कुठे उद्धृत करू नका, मागे एकाने केलेत!

एक-इंजिनी विमानांत इंजिन बंद पडल्याच्या १०० घटना. ५० वेळा शेतात, रस्त्यावर कुठेतरी उतरताना नुकसान झालं, म्हणजे ५० अपघात. त्यांपैकी १० प्राणघातक. दोन-इंजिनी विमानांतही १०० घटना. ८० वेळा विमान नीट धावपट्टीवर आलं. उरलेले २० अपघात, त्यांपैकी ८ प्राणघातक. माझ्या पद्धतीने, अपघातांना भागून: एक-इंजिनी ५० पैकी १०, म्हणजे २० टक्के. दोन-इंजिनी २० पैकी ८, म्हणजे ४० टक्के. दुप्पट धोकादायक! सिनॉप्सिस तयार.

आता घटनांना भागा. एक-इंजिनी १०० पैकी १०, दोन-इंजिनी १०० पैकी ८. दुसरं इंजिन थोडं का होईना, उपयोगी पडतंय.

आता तिसऱ्यांदा भागा, उड्डाणाच्या तासांना. दोन इंजिनं असलेल्या विमानात एकतरी इंजिन बंद पडण्याची संधी तासामागे साधारण दुप्पट. जितक्या तासांत एक-इंजिनी विमानांत १०० वेळा इंजिन गेलं, तितक्याच तासांत दोन-इंजिनीत २०० वेळा जाईल, आणि ८ चे १६ होतील. १० विरुद्ध १६. दुसरं इंजिन पुन्हा धोकादायक!

एकाच काल्पनिक जगातली, एकाच वस्तुस्थितीची ही तीन उत्तरं आहेत. यातलं खरं कोणतं हा प्रश्नच चुकीचा आहे, कारण तिन्ही वेगवेगळ्या माणसांचे प्रश्न आहेत. तासांचा भागाकार विमान विकत घेणाऱ्याच्या कामाचा. घटनांचा भागाकार त्या पायलटच्या कामाचा ज्याचं इंजिन आत्ता, या क्षणी गेलंय. अपघातांचा भागाकार फार तर विम्याच्या किंवा बचावपथकाच्या कामाचा. मी तिसऱ्याचं उत्तर पहिल्या दोघांना देत होते. वैद्यकीय संशोधनात हीच चूक रुग्णालयात भरती झालेल्यांवरून सगळ्या समाजाबद्दल बोलताना होते. तिथे तिला बर्कसनचा पूर्वग्रह म्हणतात. निवड जिथे परिणामावरून होते, तिथे कारणाबद्दल बोलताना जीभ आवरावी लागते.

उलट्या बाजूने केलेली चूकही तितकीच प्रसिद्ध आहे, आणि ती विमान विकणाऱ्यांच्या तोंडी असते. एक इंजिन बंद पडण्याची शक्यता हजारात एक असेल तर दोन्ही बंद पडण्याची दहा लाखांत एक. गुणाकार छान आहे, फक्त दोन्ही इंजिनं एकमेकांना ओळखत नाहीत असं त्यात गृहीत धरलंय. प्रत्यक्षात दोघांना इंधन एकच पायलट मोजून भरतो. टाकीत पाणी किंवा चुकीचं इंधन गेलं तर दोघांतही जातं. दोन्हीची दुरुस्ती एकाच मेकॅनिकने, एकाच दिवशी, एकाच पद्धतीने केलेली असते. मनगटावर दोन घड्याळं बांधली म्हणून पावसात दोन्ही कोरडी राहत नाहीत.

यापेक्षा मला जास्त त्रास दिला तो लेबलांनी. कोणता अपघात 'इंजिन निकामी' या रकान्यात टाकायचा? सोपं वाटतं. २१ फेब्रुवारी २०१७ रोजी मेलबर्नच्या एसेंडन विमानतळावरून उडालेलं बीचक्राफ्ट किंग एअर बी२०० काही सेकंदांत शेजारच्या शॉपिंग सेंटरवर कोसळलं. पायलट आणि चार प्रवासी गेले. पहिल्या दिवशीच्या बातम्यांत इंजिनाचा भीषण बिघाड असंच होतं. ऑस्ट्रेलियाच्या परिवहन सुरक्षा ब्युरोचा अंतिम अहवाल पुढच्या वर्षी आला. त्यात रडर ट्रिम पूर्ण डावीकडे फिरवलेल्या अवस्थेतच उड्डाण झाल्याचा निष्कर्ष आहे. इंजिन बिघाडाचा पुरावा सापडला नाही. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं: विमान एका बाजूला ओढलं जातंय, चढत नाहीये. तुम्ही जर वर्तमानपत्रांवरून माहिती गोळा करत असाल (आपल्याकडे पुष्कळ प्रबंधांत तशी करतात), तर हा अपघात कायमचा चुकीच्या रकान्यात बसला असता.

उलट उदाहरण टेक्सासमधल्या ॲडिसनचं. ३० जून २०१९ ला किंग एअर ३५० उड्डाणानंतर लगेच हँगरवर कोसळलं, दहा जण गेले. हे विमान 'हलकं' म्हणावं इतकं लहान नाही, पण घडलेली गोष्ट तीच. तपास करणाऱ्या एनटीएसबीच्या विश्लेषणानुसार डाव्या इंजिनाचा जोर कमी झाला, आणि पायलटने सुरुवातीला दाबला तो बहुधा डावाच रडर, म्हणजे चुकीच्या बाजूचा. मग उजवा. तोपर्यंत उशीर झाला होता. सहवैमानिकाने डावं इंजिन गेल्याचं बोलून दाखवलं होतं, ते ध्वनिमुद्रणात आहे. जोर का कमी झाला ते मात्र तपासात निश्चित करता आलं नाही. संभाव्य कारण म्हणून लिहिलं गेलं ते पायलटला विमानावर नियंत्रण राखता न येणं. आता सांगा, कोणता रकाना? इंजिन? पायलट? दोन्ही? माझ्या पहिल्या कोडिंग शीटमध्ये एका अपघाताला एकच कारण द्यायची सोय होती. गाइडनी त्यावर पेन्सिलसुद्धा उचलली नाही, नुसतं बघितलं.

२०१४ च्या ऑक्टोबरमध्ये कॅन्सासच्या विचिटा इथेही जवळपास असंच झालं होतं. किंग एअर बी२००, डाव्या इंजिनाची ताकद घटली, रडर अयोग्य प्रकारे वापरला गेला. विमान एका वैमानिक प्रशिक्षण केंद्राच्या इमारतीवर पडलं. पायलट गेला आणि आत सिम्युलेटरमध्ये असलेले तिघे गेले. आणीबाणीचा सराव जिथे सुरक्षितपणे करायचा, त्याच खोलीत. या अपघाताबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी लॅपटॉप बंद करून बाहेर फिरून आले होते. आकड्यांत काम करताना असं अधूनमधून होतं, होऊ द्यावं.

चुकीचा रडर दाबणारा माणूस अडाणी होता असं समजू नका. हे प्रत्येक विद्यार्थ्याकडून घोकून घेतलेलं असतं. नाक सरळ ठेवायला जो पाय दाबावा लागतो तो कामाचा, जो पाय रिकामा राहतो त्या बाजूचं इंजिन मेलेलं. ओळखा, खात्री करा (त्या बाजूचं थ्रॉटल मागे घ्या, काही फरक पडला नाही तर तेच), मग फेदर करा. हे मंत्रासारखं पाठ असतं. मग तरी का चुकतं? याच प्रश्नाने माझ्या नव्या प्रकरणाची सुरुवात झाली, आणि तिथेही मला एका चांगल्या अभ्यासाशी भांडावं लागलं.

स्टीफन कॅसनर आणि सहकाऱ्यांचा २०१३ मधला 'ह्यूमन फॅक्टर्स' या नियतकालिकातला पेपर. विमान कंपन्यांचे अठरा पायलट, बोइंग ७४७-४०० चा सिम्युलेटर. तीन आणीबाणी: स्टॉल, जमिनीजवळचा विंडशिअर आणि उड्डाणाच्या वेळी इंजिन बंद पडणं. प्रत्येक आणीबाणी दोन प्रकारे दिली. एकदा नेहमीच्या परीक्षेत येते तशी, आणि एकदा ध्यानीमनी नसताना. परीक्षेसारखी आली तेव्हा सगळ्यांनी जवळजवळ सारखा आणि योग्य प्रतिसाद दिला. अनपेक्षित आली तेव्हा प्रतिसाद बिघडले आणि माणसागणिक पुष्कळ बदलले. म्हणजे प्रशिक्षणात मोजलं जात होतं ते कौशल्य कमी, प्रश्नपत्रिका ओळखणं जास्त. विद्यापीठाच्या परीक्षा दिलेल्या कोणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको.

पेपर सुंदर आहे. प्रयोगाची मांडणी शिकण्यासाठी वाचाच. पण हलक्या दोन-इंजिनी विमानांवर लिहिणारे तो जसा वापरतात, आणि मीही दुसऱ्या मसुद्यात वापरला होता, तो वापर मला आता मान्य नाही. ७४७ ला चार इंजिनं असतात. एक गेल्यावर त्या विमानाने चढत राहणं नियमानेच बंधनकारक आहे. कॉकपिटमध्ये किमान दोन माणसं असतात. सेमिनोलमध्ये रविवारी सकाळी एकट्याने उडणाऱ्या हौशी पायलटशी याचं साम्य किती? चकित होण्याचा परिणाम कदाचित तिथे जास्तच असेल, कारण वेळ कमी आणि शेजारी कोणी नाही. कदाचित कमी असेल, कारण एकटा उडणारा मनात सतत तीच भीती घेऊन बसलेला असतो. अठरा जणांच्या त्या अभ्यासातून यातलं काहीच निघत नाही, आणि लेखकांनी तसा दावाही केलेला नाही. दावा उद्धृत करणाऱ्यांचा असतो. दुसऱ्याच्या सावध वाक्याला आपल्या पेपरमध्ये आणताना त्याची सावधगिरी वाटेत सांडते, हा साहित्य आढाव्याचा जुना रोग.

यंत्र बदललं की घोकलेला मंत्रही बदलतो, हे आणखी एक. गोंदियाजवळ बिरसीला राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्थेत डायमंड डीए४२ वर मुलं शिकतात. त्या विमानात प्रत्येक इंजिनाला एकच लीव्हर आहे, बाकीचं संगणक बघतो. प्रोपेलर फेदर करायला वेगळा दांडा नाही, त्या इंजिनाचा मास्टर स्विच बंद करायचा. जुन्या विमानांवर जमवलेली 'चुकीचा दांडा ओढला' प्रकारची उदाहरणं इथे जशीच्या तशी लागू होत नाहीत. चुकीचा स्विच मात्र लागू होतो. ज्यांना संशोधनाचा विषय हवाय त्यांनी इथे बघा. या पिढीच्या विमानांवर मानवी चुकांचा अभ्यास मी शोधला तेव्हा मला फार थोडा मिळाला.

मग यशस्वी उतरलेली माणसं मोजायची कशी? नासाकडे १९७६ पासून चालणारी स्वेच्छा अहवाल व्यवस्था आहे, एएसआरएस. पायलट स्वतःहून तिथे काय झालं ते लिहून पाठवतात. वाचताना अंगावर काटा येतो इतके प्रामाणिक अहवाल आहेत. मी हर्षाने गाइडकडे गेले: सर, हरवलेली माणसं सापडली! त्यांनी त्या संकेतस्थळावरचीच सूचना वाचायला लावली. अहवाल स्वेच्छेने आलेले आहेत, त्यावरून घटना किती वेळा घडते हे काढता येत नाही. म्हणजे 'कसं' याचा खजिना, 'किती' याला निरुपयोगी. तासांचे आकडे एफएएच्या वार्षिक नमुना सर्वेक्षणातून मिळतात, तेही अंदाज. देखभालीच्या नोंदींत बिघडलेलं इंजिन सापडतं, पण ते हवेत बिघडलं की हँगरमध्ये तपासताना लक्षात आलं, हे प्रत्येक नोंद उघडून वाचावं लागतं.

मी सध्या तेच करतेय. रोज चाळीसेक नोंदी. दुसरी एक मैत्रीण स्वतंत्रपणे त्याच नोंदींना कोड देते, आणि शुक्रवारी आम्ही दोघी कुठे पटलं नाही ते बघतो. पहिल्या आठवड्यात इतकं कमी पटलं की आम्ही 'हवेत बंद पडलं' याची व्याख्या तीनदा बदलली. थोडा वेळ ताकद कमी होऊन परत आली तर? पायलटनेच सावधगिरीने बंद केलं तर? सरावासाठी बंद केलेलं परत सुरूच झालं नाही तर? या शेवटच्या प्रकारच्या नोंदी आहेत, आणि त्या कोणत्या रकान्यात जातात यावर दोन-इंजिनी विमानाचं नाव चांगलं की वाईट हे बरंचसं ठरणार आहे, कारण सराव मुख्यतः तिथेच होतो.

सिनॉप्सिसमधल्या त्या वाक्याच्या जागी आता हे आहे: 'अपघात म्हणून नोंद झालेल्या घटनांपुरतं बोलायचं तर हलक्या दोन-इंजिनी विमानांत प्राणघातक घटनांचा वाटा अधिक दिसतो; अपघात न झालेल्या इंजिन-बिघाडांची संख्या उपलब्ध नोंदींतून मिळत नसल्याने बिघाडामागे धोका किती, हे यावरून सांगता येत नाही.' वाक्य लांब झालंय, बेचव झालंय. इन्स्ट्रक्टर सरांना व्हॉट्सॲपवर पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, "आता बसलो मी यात. पण अजून माझा आकडा कुठाय?"